लाल गाडीचा उलटा पंख

अनुभव लिहायला माणूस निवृत्त झालेला असावा, निदान त्याचे केस तरी पिकलेले असावेत, असा आपल्याकडे एक समज आहे. मला तो मान्य नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि आठ वर्षं फायबरचं काम करते. काचेची कुसं हातांत इतकी रुतली आहेत, की उन्हात हात धरला तर कोपरापर्यंत चमकतो. हे हात निवृत्त होईपर्यंत थांबले, तर तोवर बोटं पेनाभोवती वळतील की नाही सांगता येत नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

आधी काम काय असतं ते सांगते. काचेच्या तंतूंची चटई मिळते. दिसायला कापसासारखी, हात लावला की चावणारी. साच्याला मेण घासायचं, त्यावर ही चटई पसरायची आणि वरून रेझिन नावाचा मधासारखा चिकट पदार्थ ब्रशने तिला पाजायचा. रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब आधीच घातलेले असतात, त्यामुळे हातात मोजकी मिनिटं उरतात. तेवढ्यात रोलर फिरवून आतली हवा काढायची. बुडबुडा राहिला, की वस्तू पुढेमागे तिथेच फुटणार. मग ते सगळं तापतं, घट्ट होतं, आणि साच्यातून ठोकून काढलं की टाकी म्हणा, होडी म्हणा, दुकानाची पाटी म्हणा, तयार. हवेत ओलावा असला तर काम पांढरं पडतं. महाडात ओलावा कधी नसतो, ते मला अजून कळलेलं नाही.

आयटीआय झाल्यावर मी एका ठेकेदाराकडे लागले. कारखान्यांच्या ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर लावायचं काम होतं. पहिल्या दिवशी ठेकेदार म्हणाला, "बाईमाणूस टाकीत कशी उतरणार?" मी म्हटलं, "शिडीने." दोन वर्षं उतरले. मग आम्ही चौघांनी धड मास्क मागितले आणि चौघेही घरी बसलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की मास्क दोन वर्षं आधी मागायला हवे होते.

त्यानंतर रफिकभाईंच्या शेडमध्ये अर्धी जागा घेतली. रफिकभाई वेल्डर, साठीचे. शेड महाडबाहेर, एमआयडीसीच्या रस्त्याला. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. तिच्याखाली रफिकभाईंचे सिलेंडर आणि माझे साचे.

या शेडमध्ये एका सकाळी विक्रांत त्याची गाडी घेऊन आला.

विक्रांत पोलादपूरकडचा. घरी जमीन, आंब्याची बाग, स्वतः पुण्यात नोकरीला. गाडी लाल, दोनच माणसांची, कमरेइतकी उंच. वीसेक वर्षांपूर्वी कोणी हौसेने अशा थोड्या गाड्या बनवल्या होत्या, सगळं अंग फायबरचं. त्याने ती भंगारात जाता जाता उचलली होती आणि तिच्यावर जीव टाकला होता. माझ्याकडे आला तो फक्त डिकीला गेलेली चीर भरून घ्यायला.

चीर भरता भरता मी विचारलं, "ही गेली कशाने?"

"मागच्या वर्षी फिरलो," तो म्हणाला. "आमच्या माळावर खासगी रस्ता आहे. खालच्या गेटपासून वर बंगल्यापर्यंत, दीड किलोमीटर, सगळी वळणं. हिवाळ्यात आम्ही मित्र जमतो, गेट बंद करतो आणि घड्याळ लावून एकेकजण वर जातो. तिसऱ्या वळणाला गाडी मागून सुटली. गोल फिरून बांधावर."

"म्हणजे शेपटीत हलकी होते."

"तुम्हाला कसं कळलं?"

कळायला काय लागतं? बाजूने पाहिलं तर या गाडीचा आकार कासवाचा. हवा कासवाच्या पाठीवरून जाताना पळते, पोटाखालून जाताना अडखळते. पळणाऱ्या हवेचा दाब कमी. म्हणजे वेग वाढला, की गाडीची पाठ वर ओढली जाते. विमानाला हेच हवं असतं. गाडीला मात्र चाकं जमिनीवर दाबलेली हवीत, नाहीतर वळणावर ती रस्ता सोडते. त्यावर उपाय म्हणजे विमानाचा पंख उलटा करून गाडीच्या मागे बसवायचा. विमानाला जो वर उचलतो, तो उलटा केला की खाली दाबतो.

विक्रांतला हे ठाऊक होतं. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. पुण्याच्या एका दुकानाने त्याला तयार पंख देऊ केला होता, काळा, चकचकीत, डिकीला खेटून बसणारा.

"हा काही कामाचा नाही," मी म्हटलं.

"मॅडम, ते लोक हेच काम करतात."

"करू देत. हा भोवऱ्यात बसणार. विहिरीत पवनचक्की लावल्यासारखं होईल."

भोवऱ्याचं ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. माझे बाबा छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, होते. चळवळीची पत्रकं त्यांच्या हातून निघायची, आणि मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. सभेच्या आदल्या दिवशी भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरायची, मागच्या फळीवर मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन बसायचे. मागे फेकलेली पत्रकं रस्त्यावर पडायची नाहीत. गरकन वळून परत माझ्याच तोंडावर यायची, जीपमध्ये शिरायची. बाबा पुढून ओरडायचे, "मागं नको टाकू गो, बाजूला टाक!" चालत्या गाडीच्या पाठीमागे हवा फुटते आणि मागचं पुढे ओढते, हे मी चौथीत असताना शंभर वेळा पाहिलं होतं. पंख बसवायचा तर तो या भोवऱ्याच्या वर, जिथे वारा सरळ वाहतो तिथे.

"कुठे वाहतो ते कसं समजणार?" विक्रांतने विचारलं.

"लोकरीने."

हे मात्र मी इंटरनेटवर पाहिलेलं होतं. पांढऱ्या लोकरीचे बोटभर तुकडे कापले आणि मागच्या काचेवर, डिकीवर ओळीने टेपने चिकटवले. डिकीवर एक काठी उभी केली आणि तिलाही वीत वीत अंतरावर धागे बांधले. गाडी पळताना जिथे धागा मागे ताणून राहील तिथे वारा सरळ. जिथे तो पिसाटल्यासारखा नाचेल तिथे भोवरा.

पळवायला जागा होती. हायवे चौपदरी करताना एक वळण सरळ केलं आणि जुन्या रस्त्याचा तुकडा नदीच्या बाजूला तसाच पडून राहिला. गुरं बसायची तिथे. तिथे गाडी पळवायची परवानगी होती का? नव्हती. आम्ही दोन्ही टोकांना माणूस उभा केला, गुरं हाकलली आणि पळवली. रफिकभाईंचा पिकअप शेजारून त्याच वेगाने, हौद्यात मी, हातात मोबाइल. हे शहाणपणाचं नव्हतं, आज करणार नाही. पण उत्तर मिळालं. काचेवरचे धागे वेडे झाले होते, डिकीवरचे तर उलटे पुढे वळले होते. काठीवर हातभर वर गेल्यावर पहिला धागा सरळ ताणलेला दिसला.

"पुण्याचा पंख इथे बसणार होता," मी मोबाइलवर नाचणाऱ्या धाग्यांवर बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी विक्रांत गाडी शेडमध्ये लावूनच पुण्याला गेला.

मी दोन अटी घातल्या होत्या. एक, असला पंख लावून रस्त्यावर फिरणं कायद्यात बसत नाही. म्हणून तो चार बोल्टवर राहील. बंद जागेत लावायचा, रस्त्यावर यायच्या आधी उतरवायचा. दुसरी, पंखावर माझं नाव राहील.

नावाचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्याकडे ट्रक, टेंपो कोणी बांधला ते त्याच्या पाठीवर रंगवलेलं असतं. लोक ते वाचून पुढच्या गाडीचं काम देतात. विक्रांत हसून म्हणाला, "टाका की. मोठ्या अक्षरात टाका."

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती.

कारखान्याचं तापलेलं पाणी गार करायला कूलिंग टॉवर असतात. त्यांच्या डोक्यावर मोठा पंखा फिरतो. त्याचं एकेक पातं माणसाच्या उंचीचं आणि फायबरचं. ठेकेदाराकडे असताना मी अशी कितीतरी पाती दुरुस्त केली होती. भंगारवाल्याकडे तसलं एक पातं पडलेलं होतं. पातं म्हणजे तरी काय, पंखच. कापून उलटं केलं की काम झालं. साचा नको, महिनाभराची मेहनत नको. महाडच्या भंगारात विमानाचा पंख सापडला म्हणून मी आनंदाने घरी नेऊन बाबांना दाखवला.

रफिकभाईंनी दोन लोखंडी पाय बनवले. डिकीचं पत्र्यासारखं पातळ फायबर हा भार सहन करणार नाही, म्हणून डिकीला भोकं पाडून पाय थेट खालच्या चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडले. पातं किती कलवायचं ते मी मध्यावर कोनमापक लावून ठरवलं. वरून लाल रंग, त्यावर पांढऱ्यात: 'बांधणी – सुजाता मोरे, महाड'.

त्या आठवड्यात शेडसमोर गर्दी असायची. सव गावचा एक रिक्षावाला, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर माणसं नेणारा, रोज थांबायचा. एकदा म्हणाला, "ताई, माज्या रिक्षाला पण असली शेपूट लाव गो."

"रिक्षाला कशाला?"

"पाठचा पॅशिंजर खड्ड्यात उडतो. छपराला डोका आपटतो. ही लावली तर दाबून धरील नाय?"

"त्यापरीस रिक्षा हळू चालव," रफिकभाई म्हणाले.

"हळू चालवली तर वारा लागंल कसा?"

तर्क बिनतोड होता. आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग चाचणी. तोच जुना रस्ता, रविवारची सकाळ. विक्रांत पुण्याहून आला. पहिल्या दोन फेऱ्या सरळ गेल्या. तिसरीला त्याने वेग वाढवला. रस्त्याच्या शेवटी उजवीकडे एक सौम्य वळण आहे, बैलगाडीसुद्धा विचार न करता घेईल असं. तिथे गाडीचं बूड डावीकडे सरकलं. पुढचं मला तुटक आठवतं. टायरचा आवाज, धूळ, लाल रंग आडवा, आणि मग गाडी नदीकडच्या उतारावर, गवतात. आणखी दोन गाड्यांची लांबी गेली असती, तर खाली सावित्री.

मी धावले तेव्हा विक्रांत बाहेर येऊन उभा होता. त्याला खरचटलंही नव्हतं. पण गाडीची किल्ली हातात धरून तो खिशांमध्ये किल्ली शोधत होता.

रफिकभाई म्हणाले, "खडी होती रस्त्यावर. खडीवरून सरकली."

विक्रांतही म्हणाला, "माझंच चुकलं असेल. ब्रेकवर पाय गेला बहुतेक."

त्या दोघांनी मला दोन पळवाटा आयत्या दिल्या. मी कोनमापक काढलं. पंखाच्या उजव्या टोकाला लावलं, मग डाव्या टोकाला. दोन्हीकडचा कोन वेगळा होता, थोडाथोडका नाही, दुपटीचा फरक. पंख्याचं पातं पिळलेलं असतं. मुळाशी जास्त कललेलं, टोकाकडे सपाट होत गेलेलं. गोल फिरताना टोक वेगाने पळतं म्हणून ते तसं करावंच लागतं. हे मला माहीत होतं. ती पाती मी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली होती! पण गाडीवर लावताना मी मध्यावर मोजलं आणि समाधान मानलं. मूळ उजवीकडे आलं होतं, म्हणून उजवं चाक दाबलं जात होतं, डावं मोकळं. उजव्या वळणात गाडीचा सगळा भार डाव्या चाकावर येतो, आणि तेच मी मोकळं सोडलं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं आणि दाखवलं.

विक्रांतने पंखावरच्या नावाकडे हात केला. "हे तरी पुसा. इथे चार लोक जमलेत, फोटो काढतायत. उद्या सगळीकडे होईल, सुजाता मोरेने गाडी नदीत घातली."

तो चांगल्या मनाने बोलत होता. पण मी नाही म्हटलं. आमच्या घरी नियम आहे. बाबा सांगायचे, पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव असतं, ते आधी वाच. ज्याच्या तळाशी नाव नाही ते पत्रक हातात धरू नको, मजकूर कितीही गोड असला तरी. बिननावी कागदामुळे दंगे होतात, आणि नंतर कोणी सापडत नाही. त्यांच्या पत्रकांवर त्यांचं नाव असायचं, म्हणून दोनदा पोलीस स्टेशनला बसले. पण नाव गाळलं नाही.

फोटो निघाले. नाव दिसत होतं. पुढचे पंधरा दिवस बाजारात लोक मला 'काय गो, पंखा चालू हाय काय?' म्हणून विचारत होते. विचारू दे. माणूस वाचला होता, आणि जबाबदार कोण ते लिहिलेलं होतं.

दुसरा पंख मी मुळापासून केला. थर्माकोलचा ठोकळा घेतला. गणपतीची सजावट करणारे तापलेल्या तारेने थर्माकोल कापतात तसा कापला, फक्त दोन्ही टोकांना प्लायवूडचे सारखे आकार ठोकून, म्हणजे तार इकडची तिकडे होणार नाही. पण थर्माकोलवर आमचं रेझिन सरळ ओतलं तर ते थर्माकोल खाऊन टाकतं, फेस होतो नुसता. मध्ये कागदाचे थर आणि सुताराचा पांढरा गोंद लागतो, चांगला चार पदरी. बाबांनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. होऊन गेलेल्या सभांची पत्रकं. "मीटिंग झाली, कागद बरा हाय अजून," म्हणाले. आम्ही दोघांनी बसून पंखाला पत्रकं डकवली. मजकूर वाचत वाचत, म्हणून एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागले.

त्यावर फायबरचे थर. मग घासणं. इथे एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पंखाची वरची बाजू सगळ्यांना दिसते, पण खरं काम खालची बाजू करते. तिच्यावर हवा घट्ट चिकटून पळायला हवी. म्हणून खालचा भाग मी पाण्याच्या कागदाने, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरने, घासत राहिले, बोट फिरवल्यावर बोटाला काहीच सांगता येऊ नये इतका. वरच्या बाजूला लाल रंग आणि पुन्हा तेच नाव. मग सात ठिकाणी कोन मोजला. मग पुन्हा मोजला. मग सिमेंटच्या गोणी ठेवून पाहिल्या, आणि शेवटी स्वतः वर चढून उभी राहिले. रफिकभाई डोळे मिटून होते. पंख हलला नाही.

पुन्हा तोच रस्ता, तेच वळण. या वेळी विक्रांतने एक एक पायरीने वेग वाढवला. दहावी फेरी मारून तो थांबला, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "ताई, चिकटली." 'मॅडम'ची 'ताई' तेव्हा झाली.

माळावरचा मेळावा पुढच्या रविवारी होता. काम पसंत पडल्यावर पैशांचा व्यवहार, असं आमचं ठरलेलं. त्याने मला आणि रफिकभाईंना आग्रहाने बोलावलं. पोलादपूरहून आंबेनळीच्या रस्त्याला लागून एक फाटा आत जातो, तिथे त्यांचं गेट. गेटच्या आत आम्ही पंख बसवला. दहाबारा गाड्या होत्या, पुण्यामुंबईची पोरं, टोप्या, गॉगल. पंखाभोवती घोळका जमला. कोणी खाली वाकून पाहत होतं, कोणी विचारत होतं कार्बनचा आहे का. मी सांगत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात विक्रांतचे काका आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. जमीन त्यांच्या नावावर होती. पांढरा शर्ट, बोलणं मऊ.

"तुम्हीच का बनवणाऱ्या? वा. नाव वाचलं. मोरे म्हणजे कुठले मोरे?"

हा प्रश्न मला शाळेपासून पाठ आहे. आमच्या खोऱ्यात मोरे दोन्हीकडे आहेत. विचारणाऱ्याला गाव नको असतं.

"महाडचे," मी म्हटलं.

"महाडात कुठले?"

"तळ्याकडचे."

चवदार तळं म्हटल्यावर इकडच्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. तात्या म्हणाले, "असं, असं. बसा, चहा घ्या," आणि विक्रांतला हाक मारून बाजूला घेऊन गेले.

चहा घेऊन आम्ही परत गाडीपाशी आलो, तेव्हा माझ्या नावावर एक लांबलचक स्टिकर होता. काळा, चकचकीत. त्याच पुण्याच्या दुकानाचा. कोणाच्या तरी गाडीत जास्तीचा होता म्हणे.

विक्रांत माझ्याकडे न बघता बोलला. "ताई, आजच्या दिवस. जागा तात्यांची आहे. ते म्हणतात, घरच्या गाडीवर असं... म्हणजे, उगाच चर्चा नको. महाडला गेल्यावर काढतो. आपलं काम काय बदलणार आहे का?"

"मागच्या खेपेला गाडी गवतात गेली तेव्हा माझं नाव होतं," मी म्हटलं. "तेव्हा तुमच्या घरच्या गाडीवर ते चाललं. फोटो निघाले. तेव्हा हा स्टिकर कुठे होता?"

तो वाकून टायरची हवा बघायला लागला.

"चुकलं ते मोऱ्यांच्या पोरीचं, आणि जमलं ते पुण्याचं? विक्रांत, हा पंख कोणी केला?"

"तुम्ही."

"मोठ्याने सांगा."

आजूबाजूची पोरं आता बघत होती. तात्या पुढे आले. आवाज तसाच मऊ. "पोरी, एवढं मनाला लावून घेऊ नये. तुझ्या कामाचं आम्ही कौतुकच केलं."

"कौतुक नकोय तात्या. नाव हवंय."

"आणि नाय दिलं तर?"

मी रफिकभाईंकडे हात केला. "सतरा नंबरचा पाना द्या."

रफिकभाईंनी पाना दिला. पहिला बोल्ट सुटायला वेळ लागला, कारण तो मीच आवळला होता. विक्रांत म्हणाला, "ताई, थांबा ना. माझा नंबर तिसरा आहे. हा नसला तर मी वर कसा जाऊ? ती शेपटीत..."

"म्हणून सांगते, जाऊ नका. ही गाडी यावाचून तिसऱ्या वळणाला सुटते, हे तुम्हीच मला सांगितलंत."

मी थांबले होते. दुसऱ्या बोल्टवर पाना ठेवून मी खरंच थांबले होते. त्याने फक्त नखाने तो स्टिकर उचलायचा होता. त्याने तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग गाडीकडे. तात्या म्हणाले, "घेऊन जाऊ दे तिला. पुण्याचा आणू." आणि विक्रांत बाजूला झाला.

उरलेले तीनही बोल्ट काढले. रफिकभाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. घोळक्याने वाट दिली. एका पोराने विचारलं, "मॅडम, तुमचा नंबर मिळेल का?" मी म्हटलं, "महाडला येऊन विचार, कोणीही सांगेल."

आता, तो पंख कोणाचा, यावर वाद घालता येईल. सामान त्याचं, मेहनत माझी, व्यवहार व्हायचा होता. ज्याला वाद घालायचा असेल त्याने घालावा. मला हळहळ वेगळीच आहे. तो पंख घड्याळ लावून त्या चढावर कधी गेलाच नाही. किती सेकंद वाचवले असते, तिसऱ्या वळणाला काय केलं असतं, मला कधीच कळणार नाही. मी केलेली सगळ्यात चांगली वस्तू, आणि तिची परीक्षा मीच होऊ दिली नाही. ही हळहळ मला मान्य आहे. स्टिकरखाली झाकून मिळालेला पहिला नंबर मला मान्य झाला नसता.

गेटबाहेर पिकअपजवळ आल्यावर मी स्टिकर काढला. चांगल्या प्रतीचा होता, एका ओढीत निघाला. खालचं नाव शाबूत होतं. रफिकभाईंनी हौद्यात गोधडी अंथरली आणि पंख नाव असलेल्या बाजूने पालथा ठेवायला लागले, खालची घासलेली बाजू वर, जपून.

"तसा नको," मी म्हटलं. "मागच्या फाळक्याला आडवा बांधा. नाव बाहेर."

"अगो, फाळका लोखंडाचा. तुजी खालची बाजू खरवडंल सगळी. महिनाभर घासलेली हाय ती."

"खरवडू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोर काढला.

आम्ही निघालो तेव्हा गेट पुन्हा उघडल्याचा आवाज आला. लाल गाडी बाहेर पडली होती. विक्रांत वर गेला नव्हता, थांबलाही नव्हता. त्याने हॉर्न वाजवला नाही, पुढे काढली नाही. घाट उतरून पोलादपूरच्या बाजारातून, एसटी स्टँडवरून, हायवेने महाडपर्यंत तो आमच्या मागे होता. पिकअप कधी पन्नासच्या वर गेला नाही. सबंध वाटभर त्याच्या समोर, डोळ्यांच्या उंचीवर, पांढऱ्या अक्षरांत माझं नाव होतं.